बादलीतल्या पुंगळ्या

यंत्रात काहीतरी टणटणत होतं. पहिल्यांदा वाटलं, माझ्या मुलीच्या, पिह्लाच्या पट्ट्याचं बक्कल असेल. तळघरातली धुण्याची खोली, माझी ठरलेली वेळ संपत आलेली, आणि दारात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ काखेत टोपली घेऊन उभे. बोलत काही नव्हते. या शहरात, या इमारतीत मी माझं अर्धं आयुष्य काढलं, पण कोणी कोणाला ‘आटपा हो जरा’ असं म्हणाल्याचं ऐकलं नाही. नुसतं उभं राहायचं, भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे बघत बसायचं आणि समोरच्याला आपोआप लाज वाटेल याची वाट बघायची. मला नाही वाटत लाज. मी म्हटलं, ‘थांबलं की काढते, तोवर बसा की त्या बाकावर.’ ते बसले नाहीत. यंत्र थांबलं, मी दार उघडलं, कपडे ओढले आणि पिह्लाच्या शिकारीच्या विजारीच्या खिशातून काडतुसांच्या तीन पितळी पुंगळ्या माझ्या तळहातावर आल्या. उडवलेल्या, धुऊन लख्ख झालेल्या, पाण्याने गरम. जुन्या सवयीने मी त्या उलट्या केल्या आणि बुडाकडे पाहिलं. आणि तिथेच, ओल्या कपड्यांचा ढीग एका हातावर असताना, मी अशी शिवी हासडली की गृहस्थांच्या काखेतली टोपली सटकली.

रायफलच्या पुंगळीच्या बुडात मधोमध एक टोपी असते, शर्टाच्या बटणाहूनही लहान. तिच्यावर सुई आपटते, ती पेटते, मग आतली दारू पेटते. सगळं ठीक असेल तर उडवल्यानंतरही त्या टोपीची कड गोल राहते, तिच्यात आणि पितळेत एक बारीक खाच राहते, नख फिरवलं की नख त्या खाचेत अडकतं. माझं नख अडकलं नाही. सरळ घसरून पलीकडे गेलं. टोप्या इस्त्री केल्यासारख्या सपाट झाल्या होत्या. बुडावर कोरलेल्या अक्षरांवर एक चकचकीत ठसा होता, तिन्हींवर एकाच जागी. आत दाब इतका चढला होता की पितळ मऊ लोण्यासारखं बोल्टच्या, म्हणजे पुंगळीला मागून दाबून धरणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, भोकात शिरू पाहत होतं. आणि तिसऱ्या टोपीला भोक पडलं होतं. टाचणीच्या टोकाएवढं, कडेला काजळी. त्या भोकातून आग मागे येते. मागे म्हणजे कुठे? मागे माझ्या मुलीचा चेहरा असतो.

तळघरातून पाचवा मजला, लिफ्ट सोडून जिन्यानेच गेले मी, कारण लिफ्टमध्ये उभं राहणं मला शक्य नव्हतं. रविवारी पिह्ला नेमबाजीच्या रेंजवरून आली तेव्हा तिच्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, दोन काळे ठिपके होते आणि भोवती लाल. मी विचारलं. ‘अंडं तळताना तेल उडालं,’ म्हणाली. मी मलम दिलं! तेलाचं मलम! प्रत्येक पायरीला मला ते मलम आठवत होतं आणि तळपायाची आग मस्तकात जात होती. मी गाडी चालवायला शिकवते, ताम्पेरेच्या रस्त्यांवर, रोज. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि दिवसभर माझा पाय त्याच्यावर असतो. शिकणाऱ्याच्या मानेकडे बघून मला कळतं, की याला पुढचा सायकलवाला दिसलेला नाही. लोकांच्या पोरांचा सायकलवाला मला दिसतो आणि घरात, माझ्या समोर, माझ्याच पोरीच्या गालावर दारूची काजळी, ती मला तेल वाटते.

हे सगळं वाचायला मला बाबाने शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, बाबा बोलत नसे. गाई विकल्यानंतर गोठ्याला लागून असलेली दूधखोली रिकामी पडली होती, तिथे त्याने खिडकीखाली एक जाड फळी बसवली, तिच्यावर काडतुसं भरायचा दाबयंत्राचा दांडा, जुना तराजू, दारूचे डबे. शाळेतून आले की मी स्टुलावर चढून त्याच्याशेजारी बसायची. खोलीला अजूनही दुधाचा आंबूस वास येई आणि त्यात पितळ घासायच्या भुशाचा. तो एक पुंगळी माझ्या हातात द्यायचा, माझा अंगठा धरून टोपीच्या कडेवरून फिरवायचा आणि नुसतं ‘हं?’ करायचा. मग दुसरी द्यायचा. एकदा त्याने मुद्दाम जपून ठेवलेली एक वाईट पुंगळी दिली, सपाट टोपीची, आणि माझ्या नखाला काहीच लागलं नाही तेव्हा मी दचकून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. पाठीला त्याचा हात होता. माझ्या आठवणीत बाबा जेवढा म्हणून माझ्याशी बोलला, तो असा. नंतर बोल्ट. गोळी उडाली की बोल्ट दोन बोटांनी वर उचलता आला पाहिजे. जड लागला की थांबायचं. तळहाताने मारायचं नाही, ‘आज गारठा आहे’ म्हणायचं नाही, ‘अजून एक उडवून बघू’ तर अजिबात म्हणायचं नाही. घरी यायचं आणि दारू कमी करायची. हे एवढं तरी तो तोंडाने बोलला होता, मला आठवतं, कारण त्या दिवशी आईने दारातून विचारलं होतं, ‘कोणाशी बोलतोयस रे?’

पिह्ला स्वयंपाकघरात राय धान्याच्या पावावर लोणी लावत होती. मी तीन पुंगळ्या तिच्या ताटलीत टाकल्या.

‘हे काय आहे?’

‘पुंगळ्या,’ ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून सुरी खाली ठेवली.

‘ते दिसतंय मला, मी आंधळी नाही. गालाला काय झालं?’

‘सांगितलं ना. तेल.’

‘पिह्ला, माझ्याशी खोटं बोलायचं असेल तर निदान शिकून तरी घे. मलाही येतं शिकवता.’

ती अठराची झाली या उन्हाळ्यात. परवाना मिळाला, बाबाने स्वतःची जुनी रायफल तिच्या नावावर केली आणि सोबत काडतुसांचा डबा दिला. मूसच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीत उतरायचं तर आधी रेंजवर परीक्षा, म्हणून रविवारी ती सरावाला गेली होती. आता हळूहळू तिने सांगितलं. पहिल्या दोन वेळा बोल्ट जड होता, तिला वाटलं जुनी रायफल आहे, असेल. तिसऱ्या वेळी उघडेचना, आणि गालावर चटका बसला. मग तिने तळहाताने खालून मारला.

‘पहिल्यालाच जड लागला तर दुसरी का उडवलीस? तिसरी का उडवलीस?’

‘मागे लोक थांबले होते ना, आई. त्यांचा खोळंबा झाला असता.’

मी खुर्चीवर बसले. ‘आणि रेंजवरच्या माणसाने काही पाहिलं नाही?’

‘पाहिलं की.’

‘मग?’

‘त्याने मला कागदी रुमाल दिला.’

कागदी रुमाल! पोरीच्या चेहऱ्यावर आग आली, आणि तिथल्या मोठ्या माणसाने तिला कागदी रुमाल दिला, आणि ती ‘धन्यवाद’ म्हणाली असणार, नक्की म्हणाली असणार. डोळ्यांवर रेंजचा चष्मा होता, त्याच्या डाव्या काचेवर ठिपके पडले होते, तिने तो पुसून परत खोक्यात ठेवला. पुसून! मी ओरडले. खूप ओरडले. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, ऐकायला. पिह्ला रडली नाही, लोण्याच्या डब्याचं झाकण लावत राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘आजोबांना सांगू नकोस हं. त्यांनी स्वतः भरलीत माझ्यासाठी. डब्यावर माझं नाव लिहिलंय बघ, केवढ्या मोठ्या अक्षरांत.’ अक्षरं मोठी होती कारण बाबाला आता लहान दिसत नाहीत. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय त्याच्या. कडेकडेचं दिसतं, जिथे बघावं तिथलं दिसत नाही. डबा मी माझ्या कपाटात कुलपात टाकला. पोरगी तेवढ्यापुरती वाचली. पण बाबा दर शरद ऋतूत गावातल्या सगळ्या शिकारी टोळीसाठी काडतुसं भरतो, सहा-सात बंदुका आहेत, येत्या शनिवारी शिकारघरात जमून तो सगळ्यांना डबे वाटणार होता. मग त्या सहा-सात जणांच्या गालांवर काही नाही? कोणाचाच बोल्ट अडकला नाही? मी पेर्त्तीला फोन लावला.

पेर्त्ती टोळीचा म्होरक्या. बाबाच्या हाताखाली शिकला, आता त्याचे स्वतःचे केस पांढरे झालेत. मी विचारलं, ‘बाबाची काडतुसं कशी चालतात रे?’ आणि पलीकडे शांतता झाली. आमच्याकडच्या शांततेचा मला फार अनुभव आहे, वीस वर्षं नवरा होता मला. ही विचार करायची शांतता नव्हती. ही दाराआड पाय रोवून उभं राहायची शांतता होती.

‘चांगली चालतात,’ तो म्हणाला. ‘का गं?’

‘पिह्लाच्या टोपीला भोक पडलं.’

‘तिने उडवली?’

‘उडवली म्हणजे? काडतूस काय लोणचं घालायला असतं?’

‘नाही, म्हणजे... आम्हाला वाटलं, तू तिला दुकानातली घेऊन देशील.’

‘आम्हाला म्हणजे कोणाकोणाला?’

पुन्हा तेच. मी वाट पाहिली. मी चांगली वाट बघते, गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावायला लोक पाऊण तास घेतात. शेवटी त्याने एकेक शब्द उपसून काढला. दोन वर्षांपूर्वी शिकारीत त्याचा बोल्ट अडकला होता, जळाऊ लाकडाचा तुकडा घेऊन ठोकून उघडावा लागला. त्याने साउनात वाफ घेताना ते टोळीतल्या एसाला सांगितलं, एसाने बाकीच्यांना. तेव्हापासून सगळे दुकानातली काडतुसं आणतात. बाबाकडून डबा घेतात, त्याला नावाने हाक मारून ‘वा तायस्तो, मस्त’ म्हणतात, घरी नेऊन शेडमध्ये ठेवतात. आणि बाबाला कळू नये म्हणून दुकानातली उडवलेली पुंगळी शिकारघरातल्या बादलीत टाकतात. जुनी पद्धतच आहे ती, उडवलेल्या पुंगळ्या बादलीत टाकायच्या, बाबा त्या घरी नेतो, साफ करतो, पुढच्या वर्षी पुन्हा भरतो. ‘त्याचं मन दुखवायचं नव्हतं गं,’ पेर्त्ती म्हणाला. ‘तुझी आई गेल्यापासून त्याला तेवढंच तर उरलंय.’

‘आणि ते भरलेले डबे तुमच्या शेडमध्ये पडलेत.’

‘पडलेत म्हणजे नीट ठेवलेत.’

‘तुझा जावई येतो ना उन्हाळ्यात? त्याने उडवली म्हणजे?’

‘तो कशाला उडवेल?’

‘माझ्या पोरीने उडवली ना!’

‘हे बघ विर्पी,’ तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी मऊ झाला, दवाखान्यात बोलतात तसा. ‘तू पण तसंच कर. तिला दुकानातली घेऊन दे, बादलीत पुंगळी टाक, विषय संपला. कोणाला काही कळणार नाही.’ मी फोन ठेवला. असं सांगत होता जणू मला मोठ्या मानाने त्यांच्यात घेतोय.

त्या रात्री जेवताना नाही, भांडी घासतानाही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी एका गोल चौकात, शेजारी एक घामाघूम पोरगा स्टिअरिंग धरून बसलेला असताना, ते माझ्या डोक्यात जुळलं आणि मी विनाकारण ब्रेक दाबला. मागची गाडी आमच्यावर आदळता आदळता राहिली. मे महिन्यात मी बाबाकडे गेले होते. तो दूधखोलीच्या पायरीवर उन्हात बसला होता, मांडीवर बादली. एकेक पुंगळी उचलायचा, नख फिरवायचा, डब्यात टाकायचा. डोळे लांब, शेताकडे. इतका खुशीत होता की चक्क बोलत होता. ‘बघ विर्पी, इतक्या वेळा भरल्या तरी नव्यासारख्या. एकीलाही गळ्याला चीर नाही. आणि टोप्या बघ, सगळ्यांच्या कडा गोल. आधी मला वाटायचं आपण दारूच्या वरच्या मापाला पोचलो, पण नाही, अजून जागा आहे. गेल्या वर्षी थोडी चढवली, तरी हे असं. यंदा अजून थोडी चढवतो. पेर्त्तीला लांबून मारायची हौस आहे ना.’ नव्यासारख्या! अरे नव्याच होत्या त्या! आणि कडा गोल असणारच, कारखान्यात मोजून भरलेली काडतुसं ती. बाबा डोळ्यांनी बघू शकत नव्हता, म्हणून नखाने बघत होता, आणि त्याचं नख अगदी बरोबर वाचत होतं. फक्त यांनी त्याच्या हातात दुसऱ्याच कोणाचं तरी पितळ दिलं होतं. पहिल्या वर्षी बोल्ट अडकला तेव्हाच एकाने, फक्त एकाने, ती सपाट पुंगळी बादलीत टाकली असती, तरी झालं असतं. बोलायची सुद्धा गरज नव्हती! त्याला कळलं असतं. त्याने तराजू पुसला असता, कोणाला तरी भिंग धरायला लावलं असतं, दारू उतरवली असती. पण ही सभ्य माणसं. त्यांनी त्याच्या मनाला जपलं आणि त्या जपण्याने दोन वर्षं दारू चढत गेली, वर वर, आणि सगळ्यात वरचा डबा माझ्या पोरीला मिळाला, तिच्या नावाचा.

उरलेला आठवडा मी कोणाशी धड बोलले नाही. म्हणजे बोलले, पण मनात. पेर्त्तीला मी मनात इतकं सुनावलं की खरं ऐकलं असतं तर त्याने गाव सोडलं असतं. मला त्याचा राग होता, त्या कागदी रुमालवाल्याचा होता, एसाचा होता, जो लहानपणी माझ्यासोबत शाळेच्या बसमध्ये बसायचा आणि मला उलटी आली तर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचा, मला लाज वाटू नये म्हणून. पिशवी नाही द्यायचा. आमच्याकडे याला चांगुलपणा म्हणतात. आई आजारी होती तेव्हा सगळं गाव असंच होतं. दारात बेरीचा केक ठेवून जायचे, बेल न वाजवता. ती शेवटच्या महिन्यात म्हणाली होती, ‘एक जण तरी आत येऊन विचारा गं, कशी आहेस. मी सांगेन ना, वाईट आहे.’ तेव्हा मला वाटलं होतं ती दमलीय, काहीही बोलतेय. बुधवारी दोनदा, गुरुवारी पुन्हा, मी बाबाला फोन लावला आणि तो इतक्या उत्साहाने शनिवारच्या सूपबद्दल बोलू लागला की मी ‘बरं’ म्हणून ठेवून दिला. फोनवर हे सांगून चालणार नव्हतं. फोनवर त्याला काही हातात देता येत नाही.

शनिवारी पिह्लाने गाडी चालवली. मी शेजारी बसले आणि अख्खा रस्ता माझा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत राहिले. बर्चच्या झाडांची पानं पिवळी पडली होती. ‘आई, तू सगळ्यांसमोर सांगणार नाहीस ना?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘रस्त्याकडे बघ.’ शिकारघरात दुपारचं ऊन आलं होतं, लांब टेबल, भिंतीवर खुंट्यांना रायफली, चुलीवर मूसच्या मांसाचं सूप. बाबा तीन वर्षांपासून रानात उतरत नाही, पण सूप त्याचंच. ऍप्रन बांधून, पळी हातात, प्रत्येकाच्या वाटीजवळ बोट लावून मापाने वाढत होता. टेबलाच्या टोकाला काडतुसांचे डबे रचून ठेवलेले, प्रत्येकावर मोठाल्या अक्षरांत नाव. पेर्त्तीने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू मान हलवली. आत्ता नको. त्याच्या त्या मानेने मला जे काही थोडंफार थांबवलं असतं तेही संपलं. मी उठले, बाबाच्या हातातली पळी काढून घेतली आणि भोक पडलेली पुंगळी त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने नख फिरवलं. एकदा. मग दुसऱ्या बाजूने. चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला.

‘ही कोणाची?’ तो म्हणाला.

‘तुझी. पिह्लाच्या रायफलमधली.’

‘उन्हात राहिली असतील,’ एसा लगेच म्हणाला. ‘पोरं गाडीत पुढे काचेखाली ठेवतात. तापली की दाब वाढतो, सगळ्यांना माहितीये.’

‘किंवा नळीत तेल राहिलं असेल,’ पेर्त्ती म्हणाला. ‘जुनी रायफल आहे. आमची तर मस्त चालली, तायस्तो.’

‘पेर्त्ती!’ मी ओरडले. ‘तोंड आहे का काय आहे तुझं? मंगळवारी फोनवर काय म्हणालास मला?’

त्याने कॉफीच्या कपात पाहिलं. सगळ्यांनीच आपापल्या कपात पाहिलं. इतकी माणसं, सगळी मूग गिळून बसलेली. म्हणून मीच सांगितलं. बाबाकडे तोंड करून, मोठ्याने, एका दमात, लाकडाने ठोकलेला बोल्ट, शेड, दुकान. ‘बादलीतल्या पुंगळ्या तुझ्या नाहीत, बाबा. दोन वर्षं यांच्यातल्या कोणी तुझं एकही काडतूस उडवलेलं नाही.’

मला वाटलं तो चिडेल. चिडावा अशी माझी फार इच्छा होती. तो टेबलाच्या टोकाला गेला, पेर्त्तीचा डबा उघडला, एक काडतूस काढलं आणि हाताने टेबलाची कड चाचपत जाऊन पेर्त्तीच्या कपाशेजारी उभं केलं. मग एसाचा डबा, एसाचं काडतूस. मग बाकीच्यांचं. सगळ्यांसमोर एकेक पितळी काडतूस उभं राहिलं.

‘चला,’ बाबा म्हणाला. ‘बाहेर खड्ड्यापाशी नेमाचा पुठ्ठा लावलेलाच आहे. एकेक उडवू. ती म्हणते ते खोटं असेल तर लगेच कळेल.’

कोणी उठलं नाही.

‘पेर्त्ती?’

‘गुडघा धरलाय रे आज,’ पेर्त्ती म्हणाला.

‘एसा?’

‘मी रायफलच आणली नाही.’ त्याची रायफल त्याच्या डोक्यामागे खुंटीला लटकत होती, पट्ट्यावर त्याचं नाव. बाबाला ती दिसत नव्हती. पण मला दिसत होती, पिह्लाला दिसत होती, आणि एसाला माहीत होतं की आम्हाला दिसतेय. माझ्या तोंडात इतकं काही आलं की त्यातलं काहीच बाहेर पडेना.

 बाबाने ऍप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली. ‘म्हणजे मी दुकानाच्या कडा बघून माझी दारू चढवत होतो,’ तो म्हणाला. कोणाला उद्देशून नव्हतं ते. मग त्याने तोंड फिरवलं, डोक्याच्या त्या तिरक्या सवयीने, कडेच्या नजरेत पिह्ला यावी म्हणून. ‘पोरी, तू उडवलीस ना? तू एकटीनेच उडवलीस. कशी होती?’

पिह्लाच्या गालावर अजून खपली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पेर्त्तीकडे पाहिलं, एसाकडे पाहिलं, आणि मग, देवाशपथ, आपल्या कपात पाहिलं.

‘छान होती, आजोबा,’ ती म्हणाली.

मी टेबलावर हात आपटला. काडतुसं पडली, घरंगळली, एक खाली गेलं. ‘पुन्हा सांग!’ मी म्हटलं. ‘त्याला दिसत नाही, पिह्ला! तुझा गाल त्याला दिसत नाही! या लोकांनी त्याचे हातही आंधळे केले, आता तू कान आंधळे कर!’ ती थरथरत होती. मला ते दिसत होतं आणि तरी मी थांबले नाही, टेबलाच्या पलीकडून तिच्यावर वाकून उभी राहिले, रस्त्याच्या मधोमध गाडी बंद पाडलेल्या पोरावर उभी राहते तशी. ‘सांग. काय झालं ते सांग.’

‘बोल्ट अडकला,’ ती म्हणाली.  ‘तोंडावर आग आली. मला... मला भीती वाटते आजोबा, तुमच्या काडतुसांची. मला ती नकोत.’ आणि मग ती खरोखर रडली, नाक ओढत, लहानपणी रडायची तशी, सगळ्या पुरुषांसमोर.

बाबा ऐकून घेत होता. त्याने हात पुढे करून टेबलावरची काडतुसं एकेक गोळा केली, चाचपून, खाली पडलेलंही वाकून शोधलं, कोणाला मदत करू दिली नाही, सगळी ऍप्रनच्या खिशात टाकली. ‘बरं केलंस सांगितलंस,’ तो पिह्लाला म्हणाला. ‘मग आता नाही भरायची. शेडमधलेही सगळे डबे उद्या माझ्याकडे आणून द्या.’ तेवढंच. मग त्याने पळी कुठे आहे ते विचारलं आणि मी ती त्याच्या हातात दिली. तो वाढू लागला, जिथून सोडलं होतं त्या वाटीपासून.

टेबलाभोवती सगळ्यांनी श्वास सोडला. ऐकू आला. कोणीतरी पाव तोडला, कोणीतरी लोणी पुढे केलं. पेर्त्तीने दोन चमचे खाल्ले, घसा साफ केला आणि त्या दवाखान्याच्या आवाजात म्हणाला, ‘सूप मस्त झालंय, तायस्तो.’

बाबाची पळी हवेत थांबली.

‘खरंच?’ त्याने विचारलं.

पेर्त्तीने आपल्या वाटीत पाहिलं. सूप खरंच चांगलं झालं होतं. मी तसं सांगितलं. पिह्लानेही सांगितलं. बाबा पळी हातात घेऊन, मान तिरकी करून, आमच्या तोंडांच्या दिशेने नुसता बघत राहिला.